पंचेचाळीसच्या आत

नोकरी कशी मिळते ते मला विचारू नका. अर्ज कसा करावा एवढंच मला कळतं, आणि ते काम मी नगरमध्ये तीसेक वर्षं केलं. संपादक म्हणाले, "बाई, तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." गमती पुष्कळ आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसले की मला एकच माणूस आठवतो, आणि त्याची गोष्ट हलकीही नाही, फुलकीही नाही.

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानावर माझी खोली होती. तीन इंग्रजी मशीन, एक मराठी, दोन बाकं, एक खुर्ची. सकाळी आणि संध्याकाळी पोरंपोरी ए-एस-डी-एफ बडवायची, आणि खालचा दुकानदार दर पंधरा दिवसांनी वर येऊन विचारायचा, "बाई, आज काय मशीन फोडायचंच ठरवलंय का?" मधली दुपार रिकामी. माझे आईवडील गेलेले, लग्न झालं नाही, भावंड नाही. दुपारी घरी जाऊन भिंतीकडे बघण्यापेक्षा मी खोलीतच बसायची आणि बाहेरचं टायपिंग घ्यायची. कोर्टाचे कागद, भाडेपट्टे, दाखल्यांच्या नकला आणि नोकरीचे अर्ज.

सत्तर सालानंतर त्या अर्जांत एक नवंच गिऱ्हाईक यायला लागलं. पाऊस दोन वर्षं हुकला. जिनिंगला कापूस नाही, तेलाच्या गिरण्यांना शेंग नाही, ट्रान्सपोर्टवाल्यांना माल नाही. त्यामुळे पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं एकाच जागी मॅनेजर म्हणून बसलेली माणसं रस्त्यावर आली. दुसरीकडे सहकारातले नवे कारखाने निघत होते, त्यांच्या जाहिराती पेपरात यायच्या. हे मॅनेजर लोक माझा जिना चढायचे, दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, आमच्या मेव्हण्यासाठी एक अर्ज करायचाय." नगरात त्या वर्षी बेकार मेव्हणे फार झाले होते.

मी कधी कुणाला उघडं पाडलं नाही. "बरं, मेव्हण्यांना सकाळी गेल्यावर पहिलं काम काय असायचं?" असं विचारायची. दोन-तीन वाक्यांत 'मेव्हणे' गळून पडायचे आणि 'मी' सुरू व्हायचा.

ही माझी पद्धत होती, आणि मला तिचा अजूनही गर्व आहे. कोवळ्या पोराचा अर्ज सोपा असतो, त्याच्याकडे सांगायला मार्कांशिवाय काही नसतं. पन्नाशीकडे झुकलेल्या मॅनेजरचा अर्ज म्हणजे नाकी नऊ. एक ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ पाच पानं लिहून घेऊन आले, त्यातली चार जुन्या मालकानं कसा अन्याय केला यावर. मी म्हटलं, "अहो, हे वाचून नवा मालक तुमच्या बाजूनं रडेल, पण कामावर घेणार नाही." रागावून उठले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. लष्कराच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. तीनशे माणसांचं रेशन बिनचूक सांभाळलेला माणूस, पण अर्जात एकच वाक्य, 'सर्व काही पाहत होतो.' सर्व काही म्हणजे काय ते खोदून काढायला मला दोन दुपारी लागल्या. ते मात्र लागले हो, सुप्याच्या बाजूला एका गोदामावर. पेढे आणले होते.

भास्करराव साळवे आले ते मेव्हण्याचं नाव न घेता. दारातच म्हणाले, "सलाम, बाई. माझाच अर्ज आहे." सलाम म्हणाले तेव्हाच कळलं, आपल्याच मंडळीतले, ख्रिस्ती. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावजवळच्या एका खेड्यातले. जामखेडला एका खाजगी जिनिंगमध्ये एकोणीस वर्षं मॅनेजर. गिरणीला कुलूप लागलं, बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन सासरी. नगरला एका बोर्डिंगात खाट घेऊन राहिले होते आणि नोकरी शोधत होते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचात?"

"गाड्यांत हात घालायचो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कापसाच्या गाड्या रांगेत असायच्या. खांद्यापर्यंत हात घालून बघायचा, आतून ओला आहे का. वजनासाठी पाणी मारायचे ना लोक. पण ओला निघाला तरी चारचौघांत बोलायचं नाही. गाडीवानाला म्हणायचं, पाव्हणं, जरा उन्हात सोडा बैलं, चहा घ्या, दुपारी बघू. दुपारपर्यंत वाळायचा. त्याचीही अब्रू राहायची, गिरणीचंही नुकसान नाही."

मी टाईप करायचं थांबले. एकोणीस वर्षांत त्यांच्या गिरणीत काट्यावर भांडण झालं नव्हतं, हे त्यांनी सांगितलंच नाही. ते मीच विचारून काढलं. सांगताना प्रत्येक वाक्यात 'मालकांनी', 'मालकांमुळे'. मी म्हटलं, "मालक हात घालायचे का गाडीत?" हसले. म्हणाले, "मालक पुण्याला असायचे." मग मी त्यांच्या अर्जातला मालक काढला आणि त्यांना आत बसवलं. तो अर्ज माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला अर्ज होता.

ते रोज दुपारी यायला लागले. माझ्याकडे दोन पेपर यायचे, त्यातल्या जाहिराती आम्ही बघायचो. मी लाल पेन्सिलीनं खुणा करायची, ते मोठ्यानं वाचायचे. मग चहा. मग मंडळीतल्या कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न. तास-दीड तास बसायचे आणि मुलं यायच्या आधी उठायचे. लोक बोलले असतील. मला कळलं नाही, कारण मला कुणी सांगायला येईल असं माणूसच नव्हतं. एवढं खरं, की दुपारी जिन्यावर पावलं वाजली नाहीत तर माझ्या बोटांच्या चुका व्हायच्या.

आता जे लिहितेय ते आजवर कुणाजवळ बोललेले नाही. त्या दिवसांत अकोल्याकडच्या एका जिनिंगची जाहिरात आली होती. मॅनेजर पाहिजे, वयाची अट नाही, राहायला जागा. साळव्यांच्या मापाचीच. त्यांनीच ती वाचली. "कसं वाटतं, बाई?" मी म्हटलं, "इतक्या लांब? तिकडं ना आपली माणसं, ना काही. आजारी पडलात तर पाणी कोण देईल?" ते म्हणाले, "तेही खरंच." मी लाल पेन्सिल पुढच्या जाहिरातीकडे नेली. बस्स, एवढंच झालं.

मग आली त्या नव्या साखर कारखान्याची जाहिरात. यार्ड आणि गोदाम सांभाळायला मॅनेजर पाहिजे. नगरपासून एसटीनं तासाभराचं अंतर, म्हणजे माणूस रविवारी प्रार्थनेला नगरला येऊ शकतो. माझा जीव तिथेच अडकला. अट एकच होती, वय पंचेचाळीसच्या आत. शेवटची तारीख तीन दिवसांवर.

साळव्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून, आणि त्या हिशेबानं वय शेहेचाळीस. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्या भागातल्या त्या पिढीत निम्मी माणसं एक जूनची. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख माहीत नसायची, मास्तर पोराकडे बघून अंदाजानं वर्ष टाकायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून. सगळ्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी.

"हे खरं नाही," साळवे म्हणाले. "माझी आई सांगायची, मास्तरांनी दोन वर्षं वाढवून लिहिलीत. शाळेत लवकर घ्यावं म्हणून. मी चव्वेचाळीसचा आहे."

मला आनंद झाला, अगदी उघड झाला. मी म्हटलं, "मग काळजी कसली? आपल्या लोकांचं एक बरं असतं. मास्तरांनी काही लिहिलं असो, बाप्तिस्म्याच्या वहीत पाळकसाहेबांनी खरी तारीख लिहिलेली असते. त्या दाखल्याला कोण नाही म्हणेल?"

"पण दाखला यायला आठ दिवस लागतील."

"अर्जात लिहू, दाखला मागाहून हजर करतो."

माझा एक नियम होता. जे कागदावर दिसत नाही ते अर्जात घालायचं नाही. मोठमोठ्यांना मी त्या नियमावरून परत पाठवलं होतं, भांडले होते. त्या दुपारी तो नियम मी गुंडाळून ठेवला आणि टाईप केलं, वय चव्वेचाळीस. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, योग्य अनुभव असल्यास वयाच्या अटीचा विचार केला जाईल. ती मी वाचली होती. असल्या ओळी चेअरमनच्या पाव्हण्यांसाठी असतात, असं माझं ठाम मत होतं. साळव्यांना मी ती वाचून दाखवलीसुद्धा नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं, खाली लिहिलेलं, वयाचा दाखला बरोबर आणावा. गावच्या पाळकांना पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर नव्हतं. मग शुक्रवारी क्लास बंद ठेवून आम्ही दोघं एसटीनं गेलो. घोडेगावला जनावरांचा बाजार होता. एसटी माणसापेक्षा हळू सरकत होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गुरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि घेणारा कुणी नव्हता. साळवे खिडकीतून बघत होते. म्हणाले, "विकायला आलेल्याला असं उभं राहायला नको वाटत असेल, नाही?" मी म्हटलं, "काहीतरीच बोलता तुम्ही!"

पाळक बदलून गेले होते, म्हणून पत्राला उत्तर नव्हतं. वह्यांची पेटी देवळाची, म्हणजे चर्चची, झाडलोट करणाऱ्या तात्यांकडे होती. सत्तरीचे म्हातारे, डोक्याला मुंडासं. साळव्यांना बघून त्यांनी गळ्यातच हात टाकला.

"भास्कर व्हय रं तू? लई मोठा सायेब झाला म्हनं! आन् ह्या बाई?"

"अर्ज लिहितात माझे," साळवे म्हणाले.

"मंग चांगलं हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पेटी उघडली.

वही मी चाळली, कारण साळव्यांचा चष्मा बोर्डिंगातच राहिला होता. नाव सापडलं. बापाचं नाव बरोबर, आईचं बरोबर. जन्मतारखेचा रकाना वाचला. पुन्हा वाचला. पाळकांचं अक्षर मोत्यासारखं, शंकेला जागाच नाही. शाळेच्या दाखल्यापेक्षा तारीख दोन वर्षं आधीची होती. मास्तरांनी वय वाढवलं नव्हतं, कमी केलं होतं. साळवे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

"मिळालं का, बाई?"

एक क्षण मला वाटलं, न मिळाल्याचं सांगावं. वही मिटावी, पान फाटलंय म्हणावं. तात्यांना वाचता येत नव्हतं. हेही मी आज सांगूनच टाकते. पण माझं तोंड बघूनच त्यांनी वही ओढून घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि वाचली.

मग म्हणाले, "म्हणजे आई चुकली." थोड्या वेळानं, "नाहीतर तिला वाटलं असेल, पोराकडं दोन वर्षं जास्त असावीत."

तात्यांनी विचारलं, "काय हुतं? काम झालं न्हाई का?"

"झालं, तात्या," साळवे म्हणाले. "खरं काय ते कळलं."

परत येताना मी म्हटलं, "शाळेचा दाखला दाखवा. शेहेचाळीस. एका वर्षाचं ते बघतील."

ते म्हणाले, "तेव्हा चव्वेचाळीस खरं समजून लिहिलं. आज शेहेचाळीस खोटं माहीत असून दाखवू? नाही जमणार मला, बाई." त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते मुलाखतीला गेले आणि त्यांनी अठ्ठेचाळीस सांगितलं. चेअरमन शेतकरीच, धोतर-टोपीतला माणूस. काय बोलणं झालं ते साळव्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, चेअरमनचा आवाज काढून, जसं काही गमतीचं सांगत होते.

"म्हणाले, साळवे, तुमचा अर्ज आमाला लई आवडला हुता. गाडीत हात घालायचं ते तर मी चार मेंबरांना वाचून दावलं. आवो, आधीच अठ्ठेचाळीस लिवायचं ना! अनुभव बगून आमी वयाचं बगनार हुतो, जाहिरातीत लिवलंय तसं. पर अर्जात एक आन् तोंडानं दुसरं, आता बाकीचे मेंबर काय म्हनतील? वजनकाटा तुमच्या हातात द्यायचा हाय."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरोबर आहे तुमचं."

"अर्ज मी लिहिला हे सांगितलंत का?"

"ते कशाला? सही माझी आहे."

कुणीतरी सणसणीत तोंडात मारावी तसं मला झालं. मी चहा करायला उठले आणि चहाच्या भांड्यासमोर उगाच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ते नेहमीसारखा पेपर वाचत होते, पण मोठ्यानं नाही.

त्यानंतर ते कमी यायला लागले. आधी दोन दिवसांआड, मग आठवड्यानं. मीच त्यांना अकोल्याच्या जिनिंगला पत्र टाकायला लावलं. जागा भरली होती. लाल पेन्सिल घेऊन मी एकटीच जाहिराती बघायची आणि खुणा करून ठेवायची. त्या पेपरांचा गठ्ठा बाकाखाली वाढत गेला, शेवटी रद्दीवाल्याला दिला. रविवारी देवळात ते पुरुषांच्या बाजूला बसलेले दिसायचे. प्रार्थनेनंतर दारात सलाम व्हायचा, तेवढाच. मंडळीतली माणसं घोळक्यानं घरी जायची आणि मी कंपाउंडच्या कडेकडेनं माझ्या घरी. जगात आपण एकट्या आहोत हे मला आधीही माहीत होतं, पण ते रोज दुपारी दोन वाजता लागायला लागलं ते तेव्हापासून.

पाच-सहा महिन्यांनी ते आले. गालफडं बसली होती. हातात छापील फॉर्म होता, कोकणातल्या एका मिशनच्या दवाखान्याचा. जागा स्टोअरकीपरची, बँडेज, चादरी आणि रॉकेल मोजून द्यायची.

"मराठी मशीनवर भरून द्याल का? माझं अक्षर आता हलतं."

मी फॉर्म मशीनला लावला. नाव लिहिलं. वयाच्या रकान्यापाशी थांबले. ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस." मी लिहिलं. शिक्षण लिहिलं. पुढचा रकाना होता पूर्वीचा अनुभव. मी सुरुवात करणार तोच त्यांनी हात वर केला.

"तो कोरा ठेवा."

"का म्हणून? एकोणीस वर्षं!"

"दोन ठिकाणी स्टोअरकीपरसाठी अर्ज केला होता, हातानंच. दोघांचं उत्तर सारखं. इतका मोठा अनुभव असलेला माणूस आमच्याकडं टिकणार नाही, म्हणाले. मॅनेजरची जागा वयामुळे मिळत नाही आणि खालची अनुभवामुळे." ते हसायला गेले, जमलं नाही. "बाई, नुसता कोरा ठेवला तर ते खोटं नाही ना होत?"

लोकांच्या तोंडून त्यांचं काम काढून घेणं हा माझा धंदा. कुणी 'सर्व काही पाहत होतो' म्हणालं तर मी त्याला सोडायची नाही. आणि गाड्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घालून माणसाची अब्रू राखणारा हा गृहस्थ मला विचारत होता, हे काहीच नव्हतं असं दाखवलं तर चालेल का. मी म्हणाले, "नाही, खोटं नाही होत." मशीनची कळ दोनदा दाबून कागद वर सरकवला. रकाना कोरा राहिला.

माझ्या हातचा कुठलाही अर्ज इतक्या लवकर लागला नाही. दहा दिवसांत बोलावणं आलं. निरोप घ्यायला आले तेव्हा क्लास चालू होता, आठ-दहा पोरं बडवत होती. दारातच उभे राहून म्हणाले, "लागलं, बाई. उद्या निघतो. तुमचे उपकार आहेत."

मशीनच्या त्या खडखडाटात मला पुष्कळ बोलायचं होतं. चव्वेचाळीस मी लिहिलं. बारीक अक्षरातली ओळ मी वाचली होती. 'आजारी पडलात तर पाणी कोण देईल' म्हणाले ते तुमच्या काळजीनं नाही, माझ्याच भीतीनं. तुम्ही चांगले पुन्हा मॅनेजर झाला असतात, माझ्यामुळे राहिलात. यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. म्हणाले, "अभिनंदन. पत्ता लिहून ठेवा." त्यांनी माझ्या वहीत पत्ता लिहिला, सावकाश.

त्या पत्त्यावर मी कधीच काही लिहिलं नाही. नाताळला त्यांचं कार्ड यायचं, सात-आठ वर्षं आलं, मग एका वर्षी आलं नाही. मुलीनं कळवलं की दवाखान्याच्या क्वार्टरमध्येच गेले. जवळ कुणी नव्हतं.

साळवे साहेब, चूक माझी होती.